पलंगपोस, कळ्या आणि पक्का रंग: १९६७ च्या कपडेपटाच्या नोंदी

११ जानेवारी

नाटकाच्या संहितेचं पहिलं वाचन झालं. १९६७ साली बर्कलीला शिकायला आलेला पुण्याचा मुलगा, त्याच्यासोबत एका घरात राहणारी अमेरिकन मंडळी, आणि खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोतली हेट-ॲशबरी ही हिप्पींची वस्ती. कपडेपट माझ्याकडे आला. हॅलोवीनला मिळतात तसे 'हिप्पी सेट' मागवावेत असा एक विचार पुढे आला होता: छापील टाय-डायचं पॉलिएस्टर, झालरीचं नकली चामडं, कपाळाला फुलांची पट्टी. मी तिथेच सांगितलं की ते नको. दुसऱ्या अंकात मुली रंगमंचावर बसून शिवतात. आपल्या प्रेक्षकांत सुई धरलेल्या बायका भरपूर असतात, त्यांना लांबून कापडाचं पडणं बघूनच कळतं.

मुळात या कपड्यांना सोंग समजणं मला पटत नाही. दुकानातलं तयार घ्यायचं नाही असं ठरवून ती हिप्पी मुलं-मुली शिवायला बसली, आणि करता करता त्यातले कितीतरी अस्सल कारागीर झाले. लिंडा ग्रॅव्हेनाइट्स गायिका जॅनिस जॉपलिनचे रंगमंचावरचे कपडे शिवायची. स्वीडनमध्ये जन्मलेली बिर्गिट्टा ब्येर्के '१००% बिर्गिट्टा' या नावाने क्रोशाचे कपडे करायची. २०१७ साली 'समर ऑफ लव्ह'ला, म्हणजे हिप्पींच्या १९६७ च्या उन्हाळ्याला, पन्नास वर्षं झाली तेव्हा इथल्या, सॅन फ्रान्सिस्कोतल्या, डी यंग म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा काचेला नाक लावून शिवणी पाहिल्या होत्या. ती वही शोधून काढली.

वहीत वरच लिहिलंय: 'शिवण हाताची, काप सरळ, कापड आधी दुसऱ्या कुणाचं तरी.' हेच धोरण ठेवायचं.

१४ जानेवारी

आज मुद्दाम गोल्डन गेट पार्कात पोलो फील्ड्सवर जाऊन आले. १९६७ च्या याच तारखेला इथे 'ह्यूमन बी-इन' हा हिप्पींचा मेळावा भरला होता, हजारो माणसं जमली होती. त्या दिवसाचे फोटो कपड्यांच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट लगेच दिसते: एकसारखं कुणीच नाही. कुणी आजोबांच्या काळातला कोट चढवलाय, कुणी पडद्याच्या मखमलीची शाल केलीय, कुणाच्या अंगावर नौदलाच्या जुन्या मालातली बेल-बॉटम, कुणी आपल्याकडचा झब्बा घातलाय. शेजारी साध्या स्वेटरातली माणसंही आहेत, आणि ती बरीच आहेत. नाटकाच्या जमावदृश्यात हे लक्षात ठेवायचं, सगळ्यांना नखशिखांत नटवायचं नाही.

जुन्या कोटांचा नाद आधीपासूनचा. १९६५ च्या उन्हाळ्यात नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत रेड डॉग सलूनमध्ये शार्लटन्स हा बँड वाजवायचा, तोही जुन्या बाजारातले कोट, वेस्टकोट, ताठ कॉलर घालून. तेव्हा वापरलेल्या मालाच्या दुकानांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मखमल, लेस, रेशीम कवडीमोलाने मिळायचं. आज तो माल संग्रहकांकडे गेला. म्हणून मखमलीचा फक्त एकच कोट करायचा, तोही पडद्यातून.

१९ जानेवारी

पलंगपोस मिळाले. राजस्थानातल्या बगरूकडच्या छपाईसारखे, पातळ सुती, मध्ये वेलबुट्टी आणि चारी बाजूंना काठ. माप ७२ बाय १०८ इंच, म्हणजे इथल्या एकट्याच्या पलंगाचं.

त्या काळात 'इंडिया प्रिंट' पलंगपोस इथे सर्रास मिळायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर १९५८ साली सुरू झालेल्या कॉस्ट प्लससारख्या दुकानांत परदेशी मालाचे ढीग असायचे. वारभर कापड घेण्यापेक्षा पलंगपोस स्वस्त, वर काठ फुकट. भिंतीला लावा, खिडकीला लावा, खाली अंथरा, नाहीतर झगा शिवा. नाटकात या चारही गोष्टी होतात, म्हणून एकाच छपाईचे तीन घेतले.

धुवायला टाकले. पहिल्या पाण्यात लाल रंग सुटला, दुसऱ्यात गुलाबी झाक. पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यातच खळबळायचं. खळ निघाली की कापड आटतं, आज लांबीत जवळजवळ चार इंच गेले. बेतायच्या आधी हे उरकणं फार गरजेचं.

२५ जानेवारी

झगा बेतला. हे तपशिलात लिहून ठेवते, कारण सगळा प्रकल्प या एका कापावर उभा आहे.

अंगाचा पट्टा एकच: रुंदी २२ इंच, लांबी चादरीची संपूर्ण. मधोमध दुमडला की घडी खांद्यावर येते, पुढचं-मागचं एकसंध. खांद्याला शिवण नाही. गळा म्हणजे घडीवर एक गोल आणि छातीपर्यंत चीर. बाह्या दोन सरळ चौकोन, १८ बाय २०, लांबीच्या टोकाला काठ येईल असे. कळ्यांसाठी, म्हणजे घेर वाढवणाऱ्या तिकोनी तुकड्यांसाठी, ४२ बाय १४ चे दोन आयत, ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके कापले की चार कळ्या, चिंधीसुद्धा वाया नाही. काखेत पाच इंची चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा. टक्स (अंगाबरोबर बसवायच्या चिमट्या) नाहीत, मुंढ्याची (बाही जोडतात त्या जागेची) गोलाई नाही, कागदी नमुना नाही.

अंगाला ४४ इंच आणि कळ्यांचे चार पाये मिळून, शिवणींत जाणारं वजा करून, घेर साधारण ९० इंचांवर जातो. म्हणजे नाचताना चांगला फिरेल.

शिवणकाम न शिकलेली मुलं-मुली एवढं कसं शिवू शकली, याचं उत्तर इथे आहे. त्या वेळचा दुकानातला फ्रॉक म्हणजे टक्स, अस्तर, झिपर, बसवलेली बाही. ते घरी जमवायला वर्षभर शिकावं लागतं. त्यांनी मात्र अफगाण, पॅलेस्टिनी, मेक्सिकन, भारतीय कपडे उलगडून पाहिले आणि त्यांना सरळ रेषा सापडल्या. टोरोंटोच्या रॉयल ऑंटारिओ म्युझियममधल्या डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलं: लोकांचे पारंपरिक कपडे कसे कापले जातात ते मागाच्या पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, ठरतं. ज्याने सूत कातलं, विणलं, तो इंचभरही फेकत नाही. पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यात अलेक्झांड्रा जॅकोपेटी, बार्बरा गार्वी आणि ॲन वेनराइट या तिघींनी कॅलिफोर्नियात 'फोकवेअर' काढून असे काप घरी शिवणाऱ्यांसाठी कागदी नमुन्यांत आणले. त्यांचा १०१ क्रमांकाचा नमुना गाझाच्या झग्याचा आहे.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, तुझ्या आजेसासऱ्यांच्या पैरणीला चौबगला असायचाच. त्याशिवाय शेतात हात वर कसा करणार?"

२६ जानेवारी

शिवण सुरू. क्रम: आधी चौबगला बाहीला, मग कळ्या अंगाला, मग बाही-चौबगला-कळी एका रेषेत मनगटापासून खालच्या घेरापर्यंत. चौबगल्याच्या कोपऱ्यात चारी शिवणी भेटतात, तिथे अर्धा सेंटिमीटर आधी थांबून दोरा फिरवायचा. मशीनवर हे घाईत होत नाही, म्हणून कोपरे हातानेच, उलट्या टिपेने.

कळीची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कड अंगाच्या सरळ कडेला जोडली, सरळ कड बाजूच्या शिवणीत ठेवली. उरेब ओढली जाते, तिला आधार लागतो. दोन्ही उरेब कडा एकमेकींना जोडल्या तर बाजूची शिवण आठवड्यात लोंबायला लागते. झगा आता दोन रात्री हँगरला टांगलेला राहील, मगच खालचा घेर सारखा करायचा.

१ फेब्रुवारी

तालमीत झगा घालून पाहिला. ज्या मुलीसाठी केला तिने दोन्ही हात वर करून गिरकी घेतली आणि ओरडली, "मावशी, झगा वर जातच नाही!" हेच चौबगल्याचं काम. बसवलेल्या बाहीत हात वर गेला की सगळा कपडा वर येतो.

गळ्याच्या चिरेला बटण नको, दोरी हवी. दोरीच्या टोकांना कापडाच्याच बारीक गुंड्या केल्या.

८ फेब्रुवारी

आज दिग्दर्शकांशी बराच वेळ बोलणं झालं, आणि त्यातून नाटकाला उपयोगी पडेल असं काहीतरी निघालं असं मला वाटतं.

संहितेप्रमाणे नायकाच्या ट्रंकेत आईने दिलेली चादर असते आणि घरातली मुलगी तिचा झगा शिवते. ती सोलापुरी हवी असा त्यांचा आग्रह, कारण पाहताक्षणी प्रेक्षक ओळखतील. त्यांचं म्हणणं मला समजतं. पण सोलापुरी चादरीचा झगा होत नाही. जकार्डची जाड वीण, अंगावर पडत नाही, चुण्या घेत नाही, कळी घातली तर तंबूसारखी उभी राहते. मी चादर त्यांच्या खांद्यावर टाकूनच दाखवली. शेवटी ठरलं: पलंगपोसाचा झगा आहे तसाच, आणि सोलापुरीचा बिनबाह्यांचा लांब कोट. ब्लँकेटचे कोट तेव्हा होतेच. दोन उभ्या चिरा, बाजूला शिवण, कडांना मगजी. जाड कडा एकमेकींवर न चढवता शेजारी ठेवून हाताने जोडायच्या, म्हणजे गाठोडं होत नाही. चादर कापली जाते तो क्षण आता पहिल्या अंकाच्या शेवटी रंगमंचावरच घडणार.

नायकाचे कपडे मात्र टेरिलीनचे, म्हणजे पॉलिएस्टरचे. यावर मी अडून बसले. १९६७ च्या पुण्यात टेरिलीनचा शर्ट म्हणजे मिरवायची गोष्ट: रात्री धुवावा, सकाळी वाळलेला, इस्त्रीची कटकट नाही. पोरगा परदेशी निघाला म्हणून आई-वडिलांनी काटकसर करून तसे शर्ट शिवून दिलेत. आणि तो येऊन बघतो तर इथली, पैशाला कमी नसलेली मुलं पॉलिएस्टर टाकून त्याच्या घरातल्या झब्ब्यांत आणि पलंगपोसांत फिरताहेत. त्याला ते अपमानास्पदही वाटेल आणि ओढही वाटेल. संवादात हे फारसं नाही, पण कपड्यांतून बोलू शकतं. तिसऱ्या अंकात तो झब्बा घालतो तेव्हा शर्टाची कॉलर आतून दिसू द्यायची.

१५ फेब्रुवारी

जीन्स. वापरलेल्या मालाच्या दुकानातून चार आणल्या, सगळ्या ताठ सुती, स्ट्रेच नसलेल्या. स्ट्रेचवर भरतकाम बसत नाही, कापड ओढलं की टाके तटतात.

जीन्सची आतली शिवण दुहेरी दुमडून पक्की केलेली असते, ती उसवायला बसलात तर संध्याकाळ जाते. बाहेरची शिवण मात्र साधी, एकेरी. म्हणून गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने उसवायची आणि तिथे तिकोनी कळी घालायची. साध्या जीन्सची बेल-बॉटम अशी घरोघरी झाली. कळी १६ इंच उंच, पाया ९ इंच, पलंगपोसाच्या उरलेल्या काठातली. कापड पातळ आहे म्हणून मागे मांजरपाट लावला. वरच्या टोकावर सगळा ताण येतो, तिथे आडवे दाट टाके घातले.

भरतकामाला रिंग वापरली नाही, डेनिम तिच्यात नीट ताणलं जात नाही. सहापदरी दोऱ्याचे तीन पदर, मोठ्या नाकाची टोकदार सुई, अंगुस्तान. डावीकडच्या मांडीवर सूर्य: किरणं साखळी टाक्याची, मध्ये गाठीचे टाके दाटीवाटीने. डेनिमची वीण तिरकी असते, तिच्या रेघेवर टाका पडला की तो घसरून रेघेत बुडतो, म्हणून प्रत्येक टाका रेघ ओलांडून घ्यायचा. गुडघ्यावर ठिगळ आहे ते खरंच फाटलंय तिथे. फाटलं नसेल तिथे ठिगळ लावायचं नाही, असा मी नियम केलाय.

१९७३ साली लीव्हाय स्ट्रॉसने लोकांनी सजवलेल्या डेनिमची स्पर्धा लावली तेव्हा सुमारे २००० जणांनी आपल्या कामाच्या पारदर्शिका (स्लाइड्स) पाठवल्या. निवडलेले कपडे नंतर संग्रहालयांतून फिरले. त्यातल्या काही जाकिटांचे फोटो पाहिलेत: पाठभर गाव, डोंगर, घर, कुत्रा, स्वतःचं सगळं आयुष्य. एका कंपनीच्या छापाच्या कपड्यावर माणूस इतकं स्वतःचं काही लिहू शकतो, याने मी आजही भारावते.

२२ फेब्रुवारी

रंगाचा दिवस. गॅरेजमध्ये प्लास्टिक अंथरलं, मास्क आणि हातमोजे घातले. कोरड्या रंगाची पूड नाकात जाऊ द्यायची नाही.

१९६७ मध्ये बहुतेकांच्या हाताशी किराणा दुकानात मिळणारा रिट हा रंग असायचा. तो चुलीवर गरम पाण्यात करायचा, आणि सुतावर त्याची पकड ढिली, दर धुण्यात थोडा जातो. प्रोसिऑनची गोष्ट वेगळी. हे रंग १९५६ साली ब्रिटनच्या आयसीआयने बाजारात आणले. (टेरिलीनही त्याच कंपनीचं. नायकाचा शर्ट आणि नायिकेच्या शर्टाचा रंग एकाच घरचे निघाले.) धुण्याच्या सोड्याने पाणी अल्कधर्मी केलं की या रंगाचा रेणू सुताच्या रेणूशी रासायनिक बंध बांधतो, तेही उकळल्याशिवाय. घामाने, धुण्याने तो सुटत नाही. रंगमंचावरच्या दिव्यांखाली घाम येणारच, म्हणून मी प्रोसिऑनच घेतला, १९६९ पासून इथल्या रंगकऱ्यांना माल पुरवणाऱ्या धर्मा ट्रेडिंग कंपनीकडून.

कृती: गॅलनभर कोमट पाण्यात एक कप सोडा, त्यात कपडे वीस मिनिटं. घट्ट पिळायचे. मग घड्या. मधोमध चिमूट धरून गोल गुंडाळलं की भोवरा होतो, तो सगळ्यांना माहीत आहे. मला हवं होतं ते मंडल. कापड चौघडी, मग मध्यबिंदूपासून पाचराच्या आकारात पुन्हा पुन्हा दुमडायचं, आणि पाचरावर ठरावीक अंतराने दोरा करकचून बांधायचा. उलगडल्यावर प्रत्येक बांध एक वर्तुळ होतो. ग्रेटफुल डेड या बँडच्या स्पीकरवरची कापडं कोर्टने पोलॉकने याच जातीच्या घड्यांनी रंगवली होती. आपल्या बांधणीत नखाने एकेक टिपका उचलून बांधतात, हे काम त्याहून पुष्कळ झटपट आहे, पण घडी इंचभर चुकली तर मंडल लंगडं होतं, तेव्हा इस्त्री करून घड्या घातल्या.

हेट-ॲशबरीत डिगर्स मंडळींचं एक फुकट दुकान होतं, काहीही ठेवा, काहीही न्या. तिथे ऑफिसचे पांढरे शर्ट साचायचे, कुणी नेत नसे. मग तेच शर्ट घेऊन बांधून रंगवायला शिकवायचे. म्हणून मीही नवे टी-शर्ट न घेता आमच्या यजमानांचे जुने पांढरे शर्ट रंगवले. कॉलर, कफ, खिशासकट. १९७० पर्यंत हीच कला न्यू यॉर्कच्या फॅशनवाल्यांपर्यंत पोचली, 'अप टाइड'च्या विल आणि आयलीन रिचर्डसनना 'कोटी' (Coty) हा फॅशनचा पुरस्कारही मिळाला. आमच्या नाटकाला अजून तीन वर्षं आधीचा, बिनपुरस्काराचा शर्ट हवाय.

२३ फेब्रुवारी

चोवीस तासांनी पिशव्या उघडल्या. बांधलेलंच आधी गार पाण्याखाली धरलं, पाणी फिकं झाल्यावर दोरे कापले, मग गरम पाण्यात साबणाने. मंडल उमटलंय: मध्ये पिवळा, मग नारिंगी, किरमिजी, कडेला निळा. पिवळ्याशेजारी जांभळा घेतला नाही, तिथे मातकट होतं. शर्टाच्या शिवणीवर दोरा पॉलिएस्टरचा आहे, तो पांढराच राहिला आणि सगळ्या टिपा उठून दिसताहेत. तो काळ बघता ही टीप सुती असती तर रंगली असती, म्हणून पुढच्या बाजूच्या टिपा फॅब्रिक पेनने भरल्या.

२ मार्च

आरसेकाम. कोटाच्या पुढच्या दोन पट्ट्यांवर आणि झग्याच्या गळ्याभोवती. आज प्लास्टिकचे, भोक पाडलेले आरसे मिळतात. मी काचेचे घेतले, कारण दिव्याचा कवडसा भिंतीवर पडायला हवा.

काचेला भोक नसतं, म्हणून सगळा खेळ दोऱ्याच्या चौकटीचा. आरसा अंगठ्याने दाबून धरायचा. त्यावरून दोन उभे, दोन आडवे टाके, आडवा जाताना उभ्याखालून वळसा घेत. मग तसेच चार तिरके. आता आरसा पिंजऱ्यात बसला. मग सुई त्या चौकटीखालून वर काढायची, ओढायची, कापडात कडेलगत छोटा टाका, पुन्हा चौकटीखालून. गोल पूर्ण होता होता चौकट बाहेर ओढली जाते आणि मधला आरसा गोल उघडा पडतो. चौकट सैल असेल तर आरसा निसटतो, म्हणून पहिले चार टाके दातओठ खाऊन घट्ट. दोऱ्याला मेण लावलं की गुंता होत नाही.

कच्छ-राजस्थानचे आणि अफगाण भटक्यांचे आरशांचे कपडे तेव्हा अमेरिकेत पोचले ते व्यापाऱ्यांमार्फत आणि रस्त्याने भारतात जाऊन आलेल्यांच्या पाठपिशव्यांतून. तोच रस्ता सत्तरच्या दशकात गोव्यात हणजूणला संपायचा. परतीच्या तिकिटासाठी सामान विकायला बसलेल्या गोऱ्या मुलांमधून तिथला बुधवारचा बाजार उभा राहिला, आणि पुढे त्याच बाजारात लमाणी बायका आरशाच्या पिशव्या, झगे घेऊन बसू लागल्या. त्यांचं काम पाहून मी लहानपणी पहिला आरसा बसवला होता. नाटकाच्या पत्रिकेत कपडेपटाखाली त्यांचा उल्लेख हवा, असं मी लेखी कळवलंय.

१५ मार्च

रंगीत तालीम. झगा फिरला, कवडसे पडले, चादर कापताना प्रेक्षागृहात बसलेल्या दोघी-तिघींनी चक्क "अगं नको!" म्हटलं. दिग्दर्शक खूश. नायकाची कॉलर झब्ब्यातून दिसत नाही अजून, वरची गुंडी उघडी ठेवायला सांगितली.

पहिल्या अंकात रोज चादर कापली जाणार, पण दर प्रयोगाला तिचा कोट नवा शिवायचा नाही. चिरा आधीच पाडून त्यावर मोठा धावदोरा घातलाय, कात्री त्या दोऱ्यावरूनच चालेल. प्रयोग संपला की पुन्हा धावदोरा.

धुण्याच्या सूचना खोक्यावर चिकटवल्या. झगा गार पाण्यात, एकटा. रंगवलेले शर्ट कसेही. जीन्स उलटी करून. आरशाचा कोट धुवायचाच नाही, आतून घामाच्या जागी मांजरपाटाचं सुटं अस्तर टाचलंय, तेवढंच काढून धुवायचं. सुई, मेण लावलेला दोरा आणि चार जादा आरसे डावीकडच्या विंगेतल्या डब्यात ठेवलेत. डब्यावर माझा फोन नंबर आहे.